सड्यावरच्या वाऱ्यात टिकणारा गॅस स्टोव्ह घेताना या चुका टाळा

रानात मुक्कामाला न्यायचा म्हणून ऑनलाइन मागवलेला छोटा गॅस स्टोव्ह घरच्या ओट्यावर फर्रर्र करून पेटतो, बघता बघता चहा होतो आणि घेणारा खूश. तोच स्टोव्ह बेळगावहून जांबोटी ओलांडून कणकुंबी-चोर्ल्याच्या बाजूच्या एखाद्या उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नेला की अर्धा तास झाला तरी पाण्याला आधण येत नाही. मग ‘गॅसच भेसळीचा होता’, नाहीतर ‘चायना माल, दुसरं काय होणार’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. बहुतेक वेळा गॅसही बरा असतो आणि मालही. बिघडलेली असते ती निवड, आणि त्याहून जास्त मांडणी.

वॉट बघून स्टोव्ह घेणं

खोक्यावर ३००० वॉट, ३५०० वॉट असे आकडे आणि शेजारी ‘विंडप्रूफ’ हा शब्द. हा शब्द छापायला कुठलीही परीक्षा पास व्हावी लागत नाही. वॉट म्हणजे बर्नर किती वेगानं गॅस जाळतो एवढंच. त्यातली उष्णता भांड्यात किती जाते हे त्या आकड्यात कुठंच नसतं. उलट वाऱ्यात नॉब पूर्ण उघडला की ज्योत भांड्याच्या बुडाखालून बाहेर सांडते आणि वारा ती उचलून नेतो. मध्यम ज्योत ठेवली तर पाणी लवकर तापतं, हे पटायला जड जातं, पण करून बघा.

थोडा हिशेब मांडतो. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायचं आणि सगळी उष्णता पाण्यातच गेली, तर साधारण ७ ग्रॅम गॅस पुरतो. प्रत्यक्षात बिनवाऱ्याच्या जागी, झाकण ठेवून, साध्या बर्नरवर १२ ते १५ ग्रॅम जातो. म्हणजे स्टोव्हला लावायच्या २३० ग्रॅम गॅसच्या डब्यात पंधरा-सोळा लिटर पाणी उकळायला हरकत नाही. वाऱ्यात हाच खर्च सहज दुप्पट-तिप्पट होतो, आणि झाकण विसरलात तर त्याहून वर. दोन रात्रींसाठी नेलेला डबा पहिल्याच सकाळी हलका का लागतो, त्याचं उत्तर इथं आहे.

बर्नरचं तोंड न बघता घेणं

स्टोव्ह हातात घ्या, त्यावर घरचं पातेलं ठेवा आणि डोळे बर्नरच्या पातळीला आणून आडवं बघा. बर्नरचं तोंड आणि पातेल्याचं बूड यांच्यात किती फट आहे? दोन बोटं आरामात जात असतील तर वाऱ्याला तेवढी खिडकी उघडी मिळाली. आता बर्नरचं डोकं बघा. ते मधून फुगीर असेल, भोकं बाहेरच्या बाजूला तोंड करून असतील, तर ज्योत आधीच आडवी पसरते आणि वाऱ्याचं काम सोपं होतं. याउलट डोकं वाटीसारखं आत दबलेलं आणि भोवती उभी कड असेल, तर लहान लहान ज्योती त्या कडेच्या आडोशाला जळतात. सोटो कंपनीचा विंडमास्टर किंवा एमएसआर कंपनीचा पॉकेटरॉकेट डिलक्स हे स्टोव्ह याच घडणीचे. विंडमास्टरमध्ये तर भांडं मुद्दाम बर्नरच्या अगदी जवळ बसतं. दोन्ही महाग आहेत, त्यामुळं तेच घ्या असं म्हणणं नाही. पण त्यांचे फोटो नीट बघितले की स्वस्तातल्या स्टोव्हमध्ये काय शोधायचं ते कळतं.

या दोन्हीत प्रेशर रेग्युलेटर असतो, आणि रेग्युलेटर म्हणजे वाऱ्यावरचा उपाय असा समज पसरलाय. त्याचा वाऱ्याशी संबंध नाही. डबा गार पडला किंवा संपत आला तरी ज्योत एकसारखी ठेवणं हे त्याचं काम. पहाटेच्या थंडीत त्याचा उपयोग होतो, वाऱ्यात नाही.

विकत घेण्याआधी कुणाचा तरी स्टोव्ह मागून आणा आणि गच्चीवर, उघड्या हवेत, टेबल फॅन लावून अर्धा लिटर पाणी उकळून बघा. फॅन बंद असताना लागलेला वेळ आणि चालू असताना लागलेला वेळ यातला फरक खोक्यावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त बोलतो.

तीन दगडांच्या चुलीत स्टोव्ह ठेवणं

ही चूक आपल्याकडची खास, आणि सगळ्यांत धोक्याची. गडावरच्या देवळापाशी किंवा ओढ्याकाठी आधीच्या कुणीतरी मांडलेली चूल तयार असते. जांभ्या दगडाचे तीन चिरे, मध्ये राख. वारा सुटला की कुणीतरी म्हणतंच, “अरे, चुलीतच ठेव की, वारं लागायचं नाही.” आणि खरंच लागत नाही. ज्योत स्थिर होते, सगळे कौतुक करतात. पाच मिनिटांनी दगड तापतात, वर पातेलं रुंद, खाली गॅसचा डबा, आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही.

डब्यावरच स्टोव्ह बसतो त्या प्रकारात डबा ज्योतीपासून वीतभरही लांब नसतो. या डब्यांवर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका अशी सूचना छापलेली असते. आतला गॅस द्रवरूपात, दाबाखाली भरलेला. तो तापला की दाब चढतो आणि डबा फुटू शकतो. दगडांच्या जागी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं किंवा फॉईलचं गोल कडं पूर्ण वेढून ठेवलं तरी हेच होतं. ऑनलाइन मिळणारं घडीचं विंडस्क्रीन याच कामासाठी आहे असं समजून लोक चारी बाजूंनी लावतात.

नीट रीत अशी: आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूला, अर्धाच, आणि डब्याभोवती हवा खेळती. दर दोन-तीन मिनिटांनी डब्याला हात लावा. चालू स्टोव्हखालचा डबा हाताला गार लागायला हवा, कारण द्रवाचा वायू होताना तो स्वतःची उष्णता घेतो. दमट हवेत त्यावर दवासारखे थेंबही येतात. तो कोमट लागला तर आडोसा लांब सरकवा. हात ठेवताना नकोसं वाटलं तर लगेच नॉब बंद.

रकसॅक रचून केलेला आडोसा चालतो, पण हातभर लांबून. नायलॉनला पेट घ्यायला वेळ लागत नाही. आणि तंबूच्या आत, चेन लावून, स्टोव्ह पेटवणं हा वाऱ्यावरचा उपाय नव्हे. बंद जागेत जळताना साचणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घाटमाथ्यावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. हिवाळ्यात संध्याकाळी वारा बहुधा कोकणाच्या बाजूनं वर चढत असतो आणि पहाटे देशाकडून खाली उतरत असतो. रात्री ज्या भिंतीच्या आड खिचडी झाली, तिथंच सकाळी चहा मांडला तर वारा सरळ तोंडावर. बसायच्या जागा आधीच दोन बघून ठेवाव्यात.

भांड्याचा विचार न करणं

स्टोव्ह निवडायचा तो काय शिजवणार आणि किती जणांसाठी यावर. जेटबॉईलसारखे भांड्याला जोडलेले संच, किंवा ज्योतच न दिसणारे एमएसआरचे विंडबर्नर, वाऱ्यात पाणी उकळायला उत्तम. विंडबर्नरमध्ये तर बर्नर भांड्याच्या बुडाखाली जवळजवळ बंदिस्तच असतो. पण ते भांडं उभट, अरुंद. त्यात फोडणी देऊन पोहे करायला गेलात तर खाली करपणार आणि वर कच्चे राहणार. विंडबर्नरवर दुसरं कुठलं भांडं ठेवायचंही नसतं. नूडल्स, सूप, चहा यावर भागणाऱ्या एकट्या-दुकट्यानं तो घ्यावा.

आपल्याकडचा ग्रुप म्हटला की चार-पाच जण, मुगाची खिचडी आणि दिवसातून तीनदा चहा. त्यांना माझं स्पष्ट मत, नळीचा स्टोव्ह घ्या. यात बर्नर जमिनीलगत तीन-चार पायांवर बसतो आणि डबा नळीच्या टोकाला लांब राहतो. डबा लांब असल्यामुळं बर्नरभोवती पत्र्याचं विंडस्क्रीन पूर्ण लावलं तरी चालतं, फक्त डबा आणि नळी त्याच्या बाहेर हवी. मोठं पातेलं डुगडुगत नाही. वजन दीडशे-दोनशे ग्रॅम जास्त पडेल, ते चौघांत काहीच नाही. डब्यावर बसणाऱ्या लहान स्टोव्हवर पाच लिटरचा टोप चढवणारे पाहिले की मला त्या टोपापेक्षा खालच्या डब्याची काळजी वाटते, कारण रुंद बूड सगळी धग खालीच परतवतं.

कुठलाही डबा चालेल असं समजणं

दोन प्रकार मुख्य. बुटका, आट्यांचा डबा, ज्यावर स्टोव्ह फिरवून बसवतात. आणि स्प्रेच्या डब्यासारखा लांबट, जो हॉटेलवाले टेबलावरच्या शेगडीत आडवा घालतात. लांबट डबा स्वस्त आणि मिळायला सोपा, म्हणून लोक अडॅप्टर लावून वापरतात. तो आडवा ठेवायचा असेल तर तोंडाशी असलेली खाच वरच्या बाजूला हवी. खाच खाली राहिली तर वायूऐवजी द्रव गॅस बर्नरमध्ये येतो आणि ज्योत भडकते.

लांबट डब्यात बहुधा नुसता ब्युटेन असतो. तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. बेळगावात बर्फ पडत नाही, मग काय फरक पडतो? पडतो. डिसेंबरच्या पहाटे गारठलेला डबा जळताना आणखी गार होतो, दाब उतरतो आणि ज्योत मेणबत्तीएवढी होते. लोक म्हणतात वाऱ्यानं दबली. वारा पडलेला असूनही ज्योत मलूल असेल तर ओळखा, दोष थंडीचा. रात्री डबा स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, किंवा ताटलीत साधं पाणी घेऊन त्यात ठेवा. गरम पाणी नको, जाळ तर नकोच. हिवाळ्यात नेहमी जाणाऱ्यांनी मिश्र गॅसचा आट्यांचा डबाच घ्यावा.

घरच्या सिलिंडरमधून हे डबे भरून देणारे भेटतात. स्वस्त पडतं, पण डबा एकदाच भरण्यासाठी बनवलेला आहे. घरगुती गॅसमधल्या प्रोपेनमुळं दाब जास्त असू शकतो आणि किती भरलं याचा अंदाज राहत नाही. याबाबतीत काटकसर नको.

उरलेला गॅस हलवून बघण्यात अर्थ नाही. नवा डबा किराणाच्या काट्यावर ठेवून वजन त्याच्यावरच मार्करनं लिहा. पुढच्या वेळी परत वजन करा, जेवढं घटलं तेवढा गॅस जळला.

ऐन वेळी बिघडलं तर

ज्योत पिवळी आणि भांड्याला काजळी: हवेची भोकं तुंबलीत. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या स्टोव्हच्या नळीत कोळी किंवा किडे घर करतात. फुंकून, मऊ ब्रशनं साफ करा. जेटच्या, म्हणजे गॅस जिथून सुटतो त्या बारीक भोकात सुई घालू नका, ते मोठं झालं की स्टोव्ह कामातून गेला.

जोडताना क्षणभर ‘स्स’ होणं ठीक. पूर्ण बसल्यावरही आवाज येत असेल तर काढा. आटे तिरके चढलेत किंवा आतला रबरी वायसर चिरलाय. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी ओढून नव्हे.

बटण दाबून ठिणगी पडत नाही: आपल्या दमट हवेत हे होणारच. प्लॅस्टिकच्या पिशवीत काडेपेटी आणि एक लायटर वेगळा ठेवा. वाऱ्यानं ज्योत विझली तर आधी नॉब बंद करा आणि मिनिटभर थांबा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खळग्यात साचतो.

जागा आणि प्रवास

बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही, आणि अभयारण्याला धोका होईल असा जाळ करणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. महिपाळगड किंवा कलानिधीगडाकडं गेलात तर हद्द चंदगड तालुक्याची, म्हणजे महाराष्ट्राची, तेव्हा चौकशी तिकडच्या वनखात्याकडं करायची. फेब्रुवारीनंतर सड्यावरचं गवत कोरडं ठणठणीत असतं. स्टोव्ह उघड्या कातळावरच ठेवा आणि शेजारी भरलेली पाण्याची बाटली असू द्या.

पुण्या-मुंबईहून मित्र येणार असतील तर त्यांना डबे आणायला सांगू नका. विमानात, म्हणजे बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरणाऱ्यांनाही, हे डबे हातातल्या बॅगेत चालत नाहीत आणि खाली टाकलेल्या बॅगेतही नाहीत. रेल्वेत ज्वलनशील वस्तू नेणं रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ खाली येतं, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यांनी फक्त स्टोव्ह आणावा. डबे बेळगावात आधी घेऊन ठेवायचे, आणि घेताना आट्यांचे हवेत की लांबट हे त्यांच्या स्टोव्हचा फोटो मागवून ठरवायचं.