घरातील दुरुस्ती दोनदा करावी लागते, ती या चुकांमुळे

मुंबईत मे महिना उजाडला की रंगारी, गवंडी आणि प्लंबर मिळेनासे होतात, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागण्याआधी प्रत्येकाला आपापले काम उरकून घ्यायचे असते. या घाईत झालेली पुष्कळशी कामे पुढच्या वर्षी पुन्हा निघतात. माल हलका होता किंवा कारागीर कच्चा होता, असे मग म्हटले जाते. परंतु बहुतेक वेळा दोष जेथे उगम पावतो तेथे कोणी गेलेलेच नसते, तो जेथे दिसतो तेवढीच जागा झाकलेली असते.

ओल्या भिंतीवर रंग

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. भिंतीत पाणी येत असेल तर ते विटा आणि सिमेंटमधील क्षार विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणते. पाणी उडून जाते, क्षाराचे स्फटिक रंगाखाली उरतात आणि वाढता वाढता रंगाला आतून ढकलू लागतात. पोपडे सुटतात ते त्यामुळे, आणि बोट फिरवल्यावर लागणारी पांढरी भुकटीही तीच. अशा भिंतीला पुट्टी भरून ओलरोधक म्हणून विकला जाणारा महागडा रंग दिला, तरी पाणी वाट बदलते आणि हातभर बाजूला पुन्हा प्रकटते.

म्हणून ब्रश हातात घेण्यापूर्वी ओल कधी येते आणि कधी ओसरते, याची काही दिवस नोंद ठेवावी. ती केवळ पावसाळ्यात येत असेल आणि पश्चिमेकडील किंवा नैर्ऋत्येकडील भिंतीवर अधिक असेल, तर बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतालची फट आणि छज्जाचा सांधा तपासावा, कारण मुंबईत पावसाचा मारा मुख्यतः त्याच बाजूने होतो. एप्रिलच्या उन्हातही डाग ओला राहत असेल तर पाणी घरातलेच आहे, मग ते आपल्या घरातले असो वा वरच्या मजल्यावरचे. नळाची वाहिनी फुटली असेल तर तिच्यात दाब असेपर्यंत गळती अखंड चालते. सांडपाण्याची वाहिनी मात्र कोणी अंघोळ केली किंवा भांडी घासली की तेवढ्यापुरतीच गळते. वरचे कुटुंब गावी गेले आणि डाग सुकला, एवढ्या एका गोष्टीवरूनही निम्मा शोध लागतो.

पाणी भिंतीच्या आतून येते की खोलीतील दमट हवेचे भिंतीवर साचते, अशी शंका असल्यास प्लास्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस बसवावा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूस आले तर भिंत ओली आहे; बाहेरच्या बाजूस आले तर हवा खेळती ठेवण्याचा प्रश्न आहे आणि वॉटरप्रूफिंगवर पैसे घालवण्याचे कारण नाही.

टाइल्स फोडण्याची घाई

बाथरूममधून खालच्या घरात पाणी जाते असे कळले की पहिला सल्ला मिळतो तो सगळ्या टाइल्स काढून टाकण्याचा. तो कधी योग्यही असतो, परंतु त्याआधी पाणी तुंबवून पाहावे. खालच्या रहिवाशांना कल्पना द्यावी आणि त्यांच्या छतातील दिव्याचा खटका बंद करून घ्यावा. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फडके घट्ट बसवावे, उंबरठ्याच्या खालीच राहील इतके, म्हणजे इंच-दीड इंच पाणी भरावे, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करावी आणि २४ तास तेथे नळ उघडू नये. पाणी खुणेपासून स्पष्टपणे उतरले आणि खाली डाग वाढला, तर फरशी किंवा तिच्याखालचे वॉटरप्रूफिंग दोषी आहे. पातळी तशीच राहिली आणि फडके काढून पाणी सोडल्यावर खाली थेंब दिसू लागले, तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा पुढच्या वाहिनीत आहे. दोन्ही वेळा खाली काहीच दिसले नाही, तर भिंतीत दडलेल्या नळांकडे वळावे. या परीक्षेत जाणारा दिवस कारागिरांना नको असतो. तो त्यांना द्यायला लावावा.

टाइल्सच्या सांध्यांमध्ये पांढरे सिमेंट भरणे हाही असाच वरवरचा उपाय ठरतो, कारण जुने ग्राउट, म्हणजे सांध्यात भरलेला मसाला, खरवडून न काढता वरून दिलेला पातळ थर थोड्याच महिन्यांत सुटतो. सांधे खोलवर मोकळे करावेत, पूर्ण सुकू द्यावेत आणि मग शक्यतो एपॉक्सी ग्राउट भरावे. दर आठवड्याला ॲसिडने फरशी उजळवण्याची सवय असेल तर ती सोडावी. ॲसिड सिमेंटचे सांधे खाते, आणि सोसायटीच्या सभांमध्ये रंगणारी वर-खालची कितीतरी भांडणे त्या बाटलीतून निघालेली असतात. खर्चाविषयी सांगायचे तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक वाहिन्यांची गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे, तर सदनिकेच्या आतील दुरुस्ती ही सभासदाची.

छताचा पापुद्रा पडून सळई उघडी झाली असेल तर तेथे नुसता गिलावा करू नये. गंजलेली सळई फुगते आणि नव्या गिलाव्यालाही फोडते. सैल काँक्रीट काढून, सळई घासून स्वच्छ करून, तिला गंजरोधक लेप देऊन मगच पॉलिमरयुक्त मॉर्टर भरावे लागते. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार तिची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, आणि तिचा अहवाल पाहिल्याशिवाय घरातील कोणतीही भिंत हलवणे हा निव्वळ अविचार होय.

ड्रिल लावण्यापूर्वी

भिंतीतील वायरी सहसा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली आणि नळ हे तोटीच्या सरळ रेषेत गेलेले असतात, त्यामुळे या पट्ट्यांमध्ये छिद्र पाडू नये. तरीही दुसऱ्या खोलीवरून जोडणी घेण्याचा घोळ न घालता, मुख्य स्विच बंद करून बॅटरीवर चालणारे ड्रिल वापरणे अधिक सुरक्षित असते. भिंत कशाची आहे हे निघणाऱ्या भुकटीवरून कळते. लाल भुकटी म्हणजे वीट, करडी आणि कष्टाने निघणारी म्हणजे काँक्रीट, आणि बिट लोण्यात शिरावे तसे आत जाऊन पांढरट भुकटी निघाली तर हलके एएसी ब्लॉक. नव्या मनोऱ्यांतील या ब्लॉकमध्ये साधी प्लास्टिकची गिट्टी वजन धरत नाही. त्यांच्यासाठी वेगळी गिट्टी मिळते आणि छिद्र ड्रिलचा हॅमर (ठोके) बंद ठेवून पाडावे लागते. जुन्या चाळींच्या चुन्याच्या भिंतींत तर छिद्र आपोआप मोठे होते. तेव्हा काडीपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू आवळण्याची प्रथा दिनदर्शिकेपुरती चालेल, गीझरसाठी नाही.

वीज

एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा खटका, वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागी मोठा बसवणे ही जीवघेणी चूक आहे. एमसीबी वायरीचे रक्षण करतो; तो मोठा केला तर वायर आधी तापते आणि भिंतीतच वितळते. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून त्याला ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नये. त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट आणि स्वतंत्र वायर हवी. अर्थिंगची वायर नुसती बोर्डाच्या पेटीत सोडून दिलेली असणे हा जुन्या घरांत नेहमी आढळणारा प्रकार आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका, बसवून घ्यावा, आणि हे काम परवानाधारक वायरमनलाच द्यावे.

नळ आणि दारे

गळका नळ जोर लावून बंद केल्याने वॉशर लवकर झिजतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे टोक आपल्याकडे धरल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळावी, नाहीतर जोडणी आवळताना ती उलगडते. पावसाळ्यात फुगलेले दार जुलैत रंधू नये, कारण हिवाळ्यात तेच दार आकसते आणि कायमची फट राहते. फारच अडत असेल तर बिजागरीचे स्क्रू आवळून पाहावे. दिवाळीनंतर त्याच्या वरच्या आणि खालच्या कडांना रंग द्यावा, कारण या कडा सुतार हमखास कोऱ्या सोडतात आणि दमटपणा तेथूनच शिरतो.

भिंतीत नवे नळ किंवा वायरी टाकल्या असतील तर गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढावे, त्यात मोजपट्टी जमिनीपासून उभी धरलेली दिसावी, आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता बाथरूममध्ये पुन्हा २४ तास पाणी तुंबवून पाहिल्यानंतरच द्यावा.