इंग्लंडमध्ये दुखलंखुपलं तर: जीपी, १११ की ९९९?

नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: बॅगा रिकाम्या व्हायच्या आत जवळच्या जीपीकडे नाव नोंदवा. जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. त्याच्या दवाखान्याला इथे 'सर्जरी' म्हणतात, ऑपरेशनशी त्याचा संबंध नाही. नोंदणी फुकट असते. पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र नाही एवढ्या कारणाने ते नाव नाकारू शकत नाहीत, कोणी अडवलंच तर नम्रपणे पण ठामपणे सांगा.

आपल्याला थेट दवाखान्यात जाऊन नंबर लावायची सवय. इथे कुठे जायचं ते आधी ठरतं, आणि ते ठरत नसेल तर १११ हा आरोग्यसल्ल्याचा फोन नंबर फिरवायचा. चोवीस तास चालू, फुकट. प्रश्न खूप विचारतात, काही परत परत. चिडू नका, त्यावरूनच ते ठरवतात. इंग्रजीत सांगणं जड जात असेल तर दुभाषा मागा. रात्री-अपरात्री डॉक्टरची वेळ ठरवून देणं, अर्जंट ट्रीटमेंट सेंटरला (तातडीच्या पण जिवावर न बेतणाऱ्या दुखण्यांचा दवाखाना) पाठवणं, अचानक उठलेल्या दातदुखीची सोय सांगणं, हे सगळं तिथून होतं. मन फार खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर १११ लावून २ दाबा. घरापासून लांब राहताना ही वेळ कोणावरही येऊ शकते. लेकरू तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर गेला, तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा.

साध्या तक्रारींना फार्मसी पुरते. जानेवारी २०२४ पासून घसादुखी, लहान मुलांचा कानदुखीचा त्रास, नागीण, बायकांची लघवीची जळजळ अशा सात तक्रारींवर फार्मासिस्ट स्वतः तपासून, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा देतो. वयाच्या अटी आहेत, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आता ९९९, म्हणजे ॲम्ब्युलन्स बोलवायचा तातडीचा नंबर. छातीत दाब, तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, श्वास लागणं, न थांबणारं रक्त, शुद्ध हरपणं: यातलं काही दिसलं की दुसरा विचार नको. आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात नवऱ्याच्या छातीत रात्री दुखायला लागलं. "उगाच कोणाला त्रास कशाला, सकाळी बघू," असं तो म्हणत राहिला आणि मीही अर्धा तास ऐकलं. मग टॅक्सी बोलवायला निघाले, पण शेवटी ९९९ लावला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा कळलं, उपचार गाडीतच सुरू होतात, टॅक्सीत ते कुठून होणार! तो अर्धा तास मला अजून छळतो. ॲम्ब्युलन्सचं बिल येत नाही, त्या भीतीने थांबू नका. फोनवर पहिल्यांदा विचारतात रुग्ण श्वास घेतोय का, आणि पत्ता. पोस्टकोड घरातल्या सगळ्यांना, मुलांनाही, पाठ हवा.

ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा अपघात आणि तातडीचा विभाग, मध्ये नंबर येण्याच्या क्रमाने लागत नाही, गंभीर असेल तो आधी. खोकल्यासाठी गेलात तर तासन् तास बसाल.

व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज भरलेल्यांना हॉस्पिटलचं बिल सहसा लागत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांचं वेगळं. ए अँड ई मधला उपचार त्यांनाही मोफत, पण दाखल करून घेतलं की एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट बिल लागतं. तिकिटाबरोबरच त्यांचा प्रवास विमा काढा, आधीचे आजार न लपवता. आणि त्यांच्या गोळ्यांची यादी करून ठेवा, पाकिटावरच्या कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते लिहून. भारतातली ब्रँडची नावं इथल्या डॉक्टरांना कळत नाहीत.