आईला पांढरी कावीळ असेल तर बाळासाठी काय काय करायचं

आपल्या खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगी आठव्या महिन्यात चोपड्याहून शिरपूरला येते आणि तपासणीची फाईल सासरी कपाटातच राहते. माझ्या बहिणीचं तेच झालं, तिला हिपॅटायटीस बी, म्हणजे हीच पांढरी कावीळ, आहे हे रात्री दोन वाजता, कळा सुरू असताना, फोनवरून कळलं. म्हणून रिपोर्टचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांनी तर ठेवाच.

पहिल्या तीन महिन्यांत एचबीएसएजी (हिपॅटायटीस बीची रक्ततपासणी) आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या, आशाताईला विचारा, सरकारीत फुकट होते. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर कावीळ उतरवायला, माळ घालायला जाऊ नका हो, त्यात दिवस जातात. डॉक्टरांना व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत ती तपासणी, करायला सांगा. तो 2 लाखांच्या वर असला तर साधारण सातव्या महिन्यापासून विषाणू कमी करणारी टेनोफोव्हिरची गोळी देतात, ती मनाने बंद करायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळाला हिपॅटायटीस बीची लस जन्मल्यापासून 24 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूशी लढणारी तयार प्रतिद्रव्यं) इंजेक्शन, ते शक्यतो 12 तासांत. हे इंजेक्शन महाग असतं आणि सगळीकडे नसतं, तेव्हा नवव्या महिन्यातच दवाखान्यात विचारून सोय करून ठेवा. घरात कोणी म्हणेल पाचवी पुजल्यावर सुई देऊ, तर त्यांना शांतपणे सांगा की जन्मताना लागण झाली तर 10 पैकी 9 बाळांत हा आजार कायमचा बसतो, मोठ्यांत 100 मागे 5 पेक्षा कमी जणांत.

दूध पाजायचं, पहिलं चिकाचं दूध पण. पुढे 6, 10, 14 आठवड्यांचे पेंटाव्हॅलंटचे (पाच रोगांवरची एकत्र लस, तिच्यात हिपॅटायटीस बी पण असते) डोस चुकवू नका आणि 9 महिने ते वर्षाच्या दरम्यान हिपॅटायटीस बीसाठी बाळाचं रक्त तपासा, त्याआधी केलं तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

एचआयव्ही निघाला तरी हातपाय गाळू नका. औषध नसेल तर 100 पैकी 15 ते 45 बाळांना लागण होते, गोळ्या नियमित असतील तर 5 च्या खाली येते. बाळाला जन्मल्यापासून निदान 6 आठवडे औषधाचं सिरप असतं, 1097 या एचआयव्ही हेल्पलाईनवर फोन करून विचारता येतं.

आणि नवऱ्याची, आधीच्या मुलांची पण तपासणी करा, हिपॅटायटीस बी निगेटिव्ह असून त्याची लस झाली नसेल तर तीन डोस पूर्ण करून घ्या.