फरशीखालचं काम आणि वयाचा हिशेब

हार्डवेअरच्या दुकानासमोर सकाळी साडेआठला चार ठेकेदार चहाला थांबले की पाचव्या मिनिटाला विषय निघतोच: हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत. मीही ही तक्रार वीस वर्षं केली. त्याआधी मी हेल्पर होतो, तेव्हा माझ्याबद्दल हेच बोललं जायचं. ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, त्याच लोकांना चहाचे ग्लास नेऊन देताना.

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात मी सोसायट्यांची देखभालीची कामं करतो. प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाक्या धुणं, थोडीफार तोडफोड आणि प्लॅस्टर. सात माणसं, एक छोटा टेम्पो आणि भाड्याचं गोडाऊन एवढाच पसारा. स्वतःचं काम सुरू करू बघणारी पोरं भेटायला येतात. कुणी आयटीआय केलेलं असतं, कुणी दुसऱ्याच्या हाताखाली चार वर्षं काढलेली असतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: माणसं कुठल्या वयाची घेऊ? जुना मिस्त्री ऐकत नाही आणि नवा पोरगा टिकत नाही म्हणतात. मला याचं जे काही उत्तर सापडलं, ते दोन-तीन बाथरूम पदरच्या पैशाने पुन्हा फोडल्यावर सापडलं.

आमचं काम झाकलं जातं. रंगाऱ्याने कोपरा सोडला तर संध्याकाळपर्यंत वहिनींना दिसतो. पण फरशीखालच्या कोब्याला, म्हणजे सिमेंटच्या थराला, उतार दिलाय की नाही, भिंतीतल्या पाइपचा जोड नीट बसलाय की नाही, हे फरशी लागल्यावर देवालाही दिसत नाही. दिसतं ते तीन महिन्यांनी, आणि तेही खालच्या मजल्यावरच्या छताला. म्हणून आमच्यात माणूस कामाचा आहे की नाही हे झाकण्याआधी तो काय करतो यावरून कळतं. वेळेवर येतो का, नमस्कार करतो का, केस कसे कापलेत, यावरून नाही.

हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे एक मिस्त्री होते, साठीच्या जवळ आलेले, सगळे त्यांना काका म्हणत. सव्वाआठला हजर. पाने तेल लावून गोणपाटात गुंडाळलेले. एका महिन्यात एक खाडा नाही. मी मनात शिक्का मारून टाकला की हा खरा माणूस. त्यांच्या कामावर मी बघायलाही जात नसे.

वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या भोकाला, बोळा लावून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं असतं. निदान २४ तास, आम्ही ४८ ठेवतो. मग खालच्या घरी जाऊन छताला हात लावून बघायचं. कोरडं असेल तरच फरशी. एका फ्लॅटमध्ये काकांनी संध्याकाळी पाणी भरलं, सकाळी सोडून दिलं आणि दुपारी फरशी सुरू केली. दिवाळीत खालच्यांच्या छताचे पोपडे निघाले. सगळं फोडलं, माझ्या खर्चाने. मी काकांवर भरपूर तोंड टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालक, तुम्ही बाथरूमचे पैसे देता. पाणी बघत बसायचे देत नाही."

खरंच होतं ते. मी काम नगावर दिलं होतं, एका बाथरूमचे इतके. पाणी भरलेले दोन दिवस काकांना कुठून मिळणार होते? प्रामाणिकपणाची किंमत मी त्यांच्या खिशातून मोजायला सांगत होतो. तेव्हापासून चाचणीच्या दिवसाची हजेरी मी वेगळी देतो, रोजाच्या निम्मी, माणूस दुसऱ्या कामावर गेला असला तरी. नवीन धंदा सुरू करत असाल तर वय विचारण्याआधी हे ठरवा. नगावर काम दिलं की तिशीतला आणि साठीतला दोघेही सारखेच पळतात. नुसती रोजंदारी दिली की दोघेही सारखेच रेंगाळतात. मी आता फोडणं आणि भरणं नगावर देतो, जोड आणि चाचणी रोजावर. कटकटीचं आहे, वहीत दोन रकाने लागतात, पण पुन्हा फोडण्यापेक्षा स्वस्त.

वयाने फरक पडतो तो हाताच्या सवयीत. काकांची पिढी जीआय पाइपवर शिकली. डायने आटे पाडायचे, सुतळी गुंडाळायची, सफेदा लावायचा आणि पाइप पान्याने दम लागेपर्यंत आवळायचं. लोखंडाला ते चालतं, किंबहुना लागतंच. मग सीपीव्हीसी हा प्लॅस्टिकचा पाइप आला. त्याच्या आट्याच्या फिटिंगला हाताने आवळून वर थोडाच पाना द्यायचा असतो. काका सवयीने दोन आटे जास्त द्यायचे. फिटिंग त्याच दिवशी फुटत नाही, बारीक तडा जातो आणि महिन्याभराने रात्री फोन येतो. याला कामचुकारपणा म्हणायचं का? उलट हा माणूस जास्तच कष्ट घेत होता. त्यांच्या हातून मोठा पाना काढून घेतला आणि लहान दिला, एवढ्याने बराच प्रश्न सुटला. ते आठवडाभर रुसले होते, तो भाग वेगळा.

नव्या पोरांचं उलटं. त्यांना प्लॅस्टिकचं वावडं नाही, पण थांबणं जमत नाही. पाइप कापला की कडेचा बुरा घासून काढायचा, जोड चिकटवायचं सॉल्व्हंट दोन्हीकडे लावायचं, पाव वळसा देऊन पाइप आत बसवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा, नाहीतर तो मागे सरकतो. अर्ध्या मिनिटात पोरगा मोबाइल काढतो. शिवाय जोड वाळायच्या आत व्हॉल्व्ह उघडून "चालू झालं" असं घरमालकाला दाखवायची घाई. मी नव्या पोराला पहिल्या आठवड्यात एकच काम देतो: टाकाऊ तुकड्यांचे वीस जोड करायचे आणि दुसऱ्या दिवशी ते करवतीने उभे कापून बघायचे. आतमध्ये कुठे सॉल्व्हंट पोचलं नाही ते त्यालाच दिसतं. ओरडावं लागत नाही.

आता पोरं टिकत का नाहीत? आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. तो करून आलेल्या पोराला आपण काय देतो? दीड वर्ष छिन्नी-हातोडा, सिमेंटच्या गोण्या आणि "ए पोरा, चहा आण". शिकवत कुणीच नाही. मिस्त्री तर मुद्दाम पाठ करून जोड लावतात, कारण शिकला तर उद्या आपलीच गिऱ्हाईकं नेईल. मग त्याला बाइकवरून पार्सल पोचवण्यात तेवढेच पैसे दिसतात, वर कपडे स्वच्छ राहतात. मी असतो तर मीही गेलो असतो. माझ्याकडे आता नियम आहे, तीन महिन्यांत एक काम पोराच्या नावावर. भले एक बेसिन असो. फोडण्यापासून गिऱ्हाइकाची सही घेण्यापर्यंत त्याने करायचं, मिस्त्रीने फक्त बाजूला उभं राहायचं. आणि गिऱ्हाइकासमोर त्याला नावाने हाक मारायची. सगळे टिकतात असं नाही. मागच्या तिघांतला एक दुसऱ्या महिन्यात न सांगता गेला, माझा ड्रिलही गेला.

एकोणीस वर्षांचा एक पोरगा मात्र राहिला. तो रोज वीस मिनिटं उशिरा येतो, अजूनही. बोलून थकलो. पण भिंत बंद करण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढायची टूम त्याचीच. कुणी सांगितलं नव्हतं, त्याला लक्षात राहत नाही म्हणून तो काढायचा. दोन वर्षांनी त्याच घरात टॉवेलचा रॉड लावताना पाइप कुठून गेलाय हे त्या फोटोवरून कळलं, आणि सेक्रेटरींनी पुढच्या वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचं कंत्राट, आम्हालाच दिली. आता फोटो नसेल तर मी भिंत बंद करू देत नाही. काकांनी यावर "आमच्या वेळी डोक्यात फोटो असायचा" असं म्हणून घेतलं, आणि खोटं नव्हतं ते.

काकांच्या डोक्यात खरोखर पुष्कळ होतं. छताला ओल आली की नवशिका हातोडा काढतो. काका पेन्सिलीने ओलीच्या कडेने रेघ मारायचे, तारीख लिहायचे आणि वरच्या घराचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायला सांगायचे. ओल थांबली तर पाण्याची लाइन, वाढत राहिली तर ड्रेनेज किंवा कोबा. संशय उरलाच तर नहाणीत रंगाचं पाणी ओतायचं. भिंतीतली गळती शोधायला लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपला आणि मूठ कानाला, तेही रात्री अकरानंतर, इमारत शांत झाल्यावर. मी ऐकून बघितलं तर मला नुसता माझाच श्वास ऐकू यायचा.

पण अंगाचं काय? चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही आणि मिस्त्री लोक चष्मा लावायला लाजतात. बेसिनखाली उताणं झोपून वायसर बसवताना चष्मा नसेल तर अंदाजपंचे चालतं. मी सगळ्यांना डोक्याला बांधायचे टॉर्च आणि वाचायचे चष्मे घेऊन दिले. फार नाही, हजाराच्या आत काम झालं. गुडघ्यांचं कुणी सांगत नाही. सांगितलं तर रोज जाईल अशी भीती. म्हातारा मिस्त्री एखादं काम "गरज नाही" म्हणत टाळायला लागला की ते काम उंचावरचं आहे का, उकिडवं बसायचं आहे का, हे आधी बघावं.

याच न्यायाने मालकाचाही गुडघा बघावा. मी चोपन्नचा आहे. दोन वर्षांपूर्वी ओव्हरहेड टाकीची शिडी चढणं सोडलं. त्याच वर्षी टाक्यांच्या तक्रारी वाढल्या. शिडीमागच्या कोपऱ्यात गाळ तसाच. माणसं तीच, पगार तोच. मालक वर येत नाही एवढं फक्त त्यांना कळलं होतं. शिव्या देऊन झाल्या, मग लाज वाटली. आता पोरगा रिकाम्या टाकीचा व्हिडिओ काढतो, चारही कोपरे, आणि पाच टाक्यांतली एक मी कुरकुरत का होईना चढतोच. कुठली, ते आधी सांगत नाही.

कागदांचं थोडक्यात. अठराच्या खालचा पोरगा उंचीवर, तोडफोडीला अजिबात नको, मामाचा मुलगा असला तरी. सेप्टिक टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय ते करून घेणं गुन्हा आहे, आणि मी साधनं असतानाही ते काम घेत नाही. कामगार भरपाईचा विमा पहिल्या दिवसापासून काढा. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी होते, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस कामाचा दाखला लागतो. तो दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात, तुम्ही करू नका. श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वयातच शिरता येतं, साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन. पंचविशीतल्या पोराला हे सांगितलं की तो हसतो. काकांना सांगितलं तेव्हा ते छप्पन्नचे होते.

उचल आठ दिवसांच्या रोजापेक्षा जास्त देऊ नये असं मी म्हणतो आणि शाळा सुरू होताना जूनमध्ये मोडतो. एवढं खरं, की मोठी उचल घेतलेला माणूस दुसरीकडे जात नाही, पण मन लावूनही काम करत नाही.

काका आता पूर्ण दिवस काम करत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस येतात, गळती शोधतात, पोराला रेघ मारायला लावतात आणि पाणी भरलेल्या बाथरूमखालच्या घरी जाऊन छताला हात लावून येतात. फरशी लावायची की नाही ते त्यांनी ठरवायचं, मीही मध्ये पडत नाही. याचे पैसे मी बिलात "तपासणी" असे वेगळे लावतो. मागच्या महिन्यात एका कमिटीने तीच ओळ खोडली. खजिनदार म्हणाले, "त्यांनी तर नुसता हात लावला." मी बिल परत नेलं आणि सगळ्या चाचण्यांचे फोटो जोडून पुन्हा पाठवलं. पैसे अजून यायचेत.