गोव्यात मोठ्या घरात राहायला जाताय? या चुका टाळा

मूळचे आम्ही सांगलीचे. नोकरीपायी पणजीत आलो आणि तिथल्या मळा भागात वन रूम किचनमध्ये चार वर्षं काढली. मग पर्वरीला दोन बेडरूमचा फ्लॅट मिळाला. जादा खोलीत काय ठेवायचं हे लगेच ठरलं: बॅगा, गाद्या, बायकोच्या साड्यांची ट्रंक. दार ओढून घेतलं आणि विसरलो. जुलैअखेर उघडलं, तर चामडी बॅगेवर हिरवट लव आणि ट्रंकेतल्या पैठणीला ओलसर कुबट वास.

गोव्यात मोठं घर घेताना होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. जून ते सप्टेंबर इथे साधारण ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. लहान घरात चूल, पंखा, माणसांची ये-जा यांनी हवा हलती राहते. वापरात नसलेल्या खोलीत ती कोंडते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. म्हणून ती खोली रोज वापरा. अभ्यासाला, कपडे वाळवायला नव्हे (त्याने ओल वाढते), अगदी इस्त्रीला का होईना. दार उघडं, पंखा चालू. कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. पार्टिकल बोर्डाचं स्वस्त कपाट तर बाहेरच्या भिंतीशी उभंच करू नका, त्याचा तळ फुगतो आणि दार लागेनासं होतं.

बुरशी आलीच तर लगेच रंग मारून मोकळं होऊ नका. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. भिंतीचा एक डाग पुसून, कोरडा करून त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक-दोन दिवस थांबा. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव धरलं, तर दोष हवेतल्या दमटपणाचा: पंखा, एसीचा ड्राय मोड, खिडक्या. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडून ओल आली, तर पाणी भिंतीतूनच येतंय. बाहेरची भेग, वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर, खिडकीचा उतार आत वळलेला. असं काहीतरी असणार. ते घरमालकाचं काम. फोटो काढून तारखेसह पाठवा, नाहीतर सोडताना रंगाचे पैसे तुमच्याच डिपॉझिटमधून जातात. आमचे गेले.

दुसरी चूक: उन्हाळ्यात घर बघून भाळणे. मे महिन्यात सगळ्याच भिंती देखण्या असतात, विशेषतः ताज्या रंगवलेल्या. हात फिरवून बघा, ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून वास घ्या. पाण्याबद्दल मात्र मे महिना खरं बोलतो. टँकर किती दिवसांनी मागवावा लागतो हे मालकाला नाही, तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारा. मालक ‘प्रॉब्लेम ना’, म्हणजे काही अडचण नाही, असं म्हणणारच.

रविवारी दुपारी घर पाहायला जाणं हीही तशीच फसवणूक, स्वतःचीच. पर्वरी-पणजीमधला मांडवीचा पूल तेव्हा चुटकीसरशी पार होतो. सोमवारी सकाळी नऊला एकदा स्कूटर घेऊन ऑफिसपर्यंत जाऊन बघा, मग भाडं ठरवा.

विजेचं एक लक्षात ठेवा. जागा वाढली की दुसरा एसी येतो, गीझर येतो आणि एमसीबी (भार जादा झाला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागतो. इलेक्ट्रिशियन ‘मोठा टाकतो’ म्हणाला तर नको म्हणा. तार तीच राहते, ती तापते आणि पडायला हवा तेव्हा एमसीबी पडत नाही. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो कमी असेल तर वाढवण्याचा अर्ज मालकाकडून वीज खात्यात जाऊ द्या, तोवर गीझर आणि एसी एकदम लावू नका. सामान उतरवायच्या दिवशी जुन्या आणि नव्या, दोन्ही मीटरांचा आकडा फोटोत घ्या.

पोलीस ठाण्यातली भाडेकरू पडताळणी जुन्या घराला केली होती म्हणून पुरत नाही. पत्ता बदलला की पुन्हा. परप्रांतीयांनी हे मालकावर सोडू नये.

फर्निचर पहिल्या महिन्यात घेऊ नका, एवढंच सांगतो. आमचा सोफा जिन्याच्या वळणात अडकला आणि दोन तास तिथेच राहिला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी त्यावर बसून चहा घेतला. आधी जिना, लिफ्टचं दार आणि खोलीचं दार मोजा, मग दुकानात जा.

आणि सामानासाठी पिकअप ठरवताना ताडपत्री पिकअपवाल्याकडे आहे का ते विचारा. आमच्याकडे जून उजाडला होता, ताडपत्री नव्हती. गाद्या वाळायला दसरा उजाडला.