नागपूरच्या उन्हात लोकर: विणकाम मंडळात येऊ पाहणाऱ्यांसाठी

मंडळाची चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नागपुरात स्वेटर लागतो तरी किती दिवस? प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरसमोरून उठवत नाही. थंडी म्हणावी ती डिसेंबर-जानेवारीची. आली की मात्र कडक येते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती. तरी तेवढ्या थंडीपुरते तयार स्वेटर बर्डीच्या बाजारात हवे तितके मिळतात. असं असूनही आमचं मंडळ बाराही महिने भरतं आणि भर उन्हाळ्यातही आमच्या हाताला काम असतं. ते काम कोणतं आणि नव्याने येणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी, हे एकदा सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आम्ही महिन्यातून एकदा शनिवारी धरमपेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. हिवाळ्यात दुपारी, तेही शक्यतो गच्चीवर उन्हात. एप्रिलपासून सकाळी साडेसातला बसतो आणि ऊन तापायच्या आत घरी पोचतो. गृहिणी आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेत नोकरी करणाऱ्या आहेत, कॉलेजच्या मुली आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काकाही आहेत. त्यांच्या इतके सारख्या टाक्यांचे मोजे दुसरं कुणी विणत नाही. सभासद व्हायला परीक्षा नाही. वर्षाची वर्गणी खोलीचं भाडं, चहा आणि सामायिक लोकरीच्या पेटीवर खर्च होते.

बैठकीची सुरुवात काम दाखवण्यापासून होते. प्रत्येकाने हातातलं विणकाम सतरंजीवर पसरायचं, पूर्ण असो की अर्धं. नवीन मुली इथे संकोचतात, काम पिशवीतच ठेवतात. कृपा करून तसं करू नका. मंडळाचा खरा उपयोग याच अर्ध्या तासात आहे.

टाका कसा घालायचा, सुलट कसा, उलट कसा, हे आता मोबाइलवर कुणीही बघून शिकतं, आणि चांगलं शिकतं. पण तुमच्या सुईवर आत्ता काय बिघडलंय ते मोबाइलला दिसत नाही. ते दिसायला विण वाचता यावी लागते. नव्याने येणाऱ्यांनी पहिलं वर्ष नमुने गोळा करण्यात घालवू नये, विण वाचायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे. हातात आलेल्या कापडाकडे बघून हा टाका सुलट, हा उलट, इथे दोन एकत्र घेतलेत, इथे जाळीसाठी धागा घेतलाय, हे ओळखता आलं की नमुन्याचा कागद हरवला तरी काम अडत नाही.

गेल्या हिवाळ्यात बी.एस्सी.ची एक मुलगी मफलर घेऊन आली होती. मधला एक टाका निसटून दहा-बारा सुया, म्हणजे तेवढ्या ओळी, खाली गेला होता, आणि ती सगळं उसवायला निघाली होती. आमच्या मंडळातल्या आजी म्हणाल्या, “उसवून काहून राहिली गं? दे इकडे.” त्यांनी पिशवीतून क्रोशाची सुई काढली. कापड सुलट बाजूने मांडीवर पसरलं. सुटलेल्या टाक्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी पडली होती. आजींनी सुईचं टोक खालच्या सुट्या टाक्यात समोरून घातलं, पहिला आडवा धागा पकडला, टाक्यातून ओढून घेतला. मग वरचा, मग त्याच्या वरचा. दर धाग्याला एक ओळ वर. शेवटचा टाका परत सुईवर चढवला आणि जागा कुठली होती ते सापडेना. मग आजींनी काय करावं? तोच टाका पुन्हा सोडला, खालपर्यंत नेला आणि सुई मुलीच्या हातात दिली. “आता तू.” तिला वेळ लागला, पण त्या दिवसापासून तिची निसटल्या टाक्याची भीती गेली.

ह्याच आजी १९६२ साली शाळेत होत्या. चीनशी युद्ध सुरू झालं तेव्हा देशभर बायका-मुलींनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या; टाचेचं वळण आजींनी त्याच दिवसांत शिकलं. त्यांच्याकडे नमुन्यांची वही आहे. पानापानावर विणीचा तळहाताएवढा तुकडा टाकून शिवलेला आणि खाली पेन्सिलीने “पहिली सुई सर्व सुलट, दुसरी सुई दोन उलट, धागा पुढे” अशी कृती. मंडळाने त्यावरून नवीन वही सुरू केली आहे. सभासद झालात की निदान एक नमुना तुमच्या हातचा त्यात यायला हवा.

आता थोडं तांत्रिक. इथे नवीन माणसाचे पैसे वाया जातात. आपल्या दुकानांत सुयांचे नंबर बहुधा जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात: आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर ३.२५, १२ नंबर २.७५. अमेरिकन कृतीतली ८ नंबरची सुई मात्र ५ मिलिमीटरची असते. म्हणून नंबर विसरा आणि मिलिमीटर पाठ करा. क्रोशाचंही तसंच: ज्या टाक्याला आपण खांब म्हणतो त्याला इंग्रज एक नाव देतात आणि अमेरिकन दुसरं, त्यामुळे कृती कुठल्या देशाची आहे हे आधी बघायचं.

दुसरी गोष्ट नमुन्याचा तुकडा, म्हणजे खऱ्या कामाआधी टाके मोजून बघायला विणलेला छोटा चौकोन. सगळ्यांना याचा कंटाळा येतो आणि तरीही तो करावाच लागतो. मध्यम जाडीच्या लोकरीला ४ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके बसतात. तुमचा हात घट्ट असेल आणि २४ बसले, तर ३६ इंच छातीच्या हिशेबाने टाके घातलेला स्वेटर ३३ इंचांचा होतो. दोन टाक्यांचा फरक तीन इंचांवर जातो. अशा वेळी हात सैल करायचा प्रयत्न करत बसू नका, सुई बदला. लोकर घेताना पूर्ण कामाला पुरेल इतकी एकदम आणि एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घ्या. गुंड्याच्या पट्टीवर लॉट नंबर असतो. मोठ्या बाईच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साडेचारशे-पाचशे ग्रॅम लागते. आपल्याकडे मिळणारी बहुतेक लोकर ॲक्रिलिक असते. तिला गरम इस्त्री लावू नका, विण कायमची चपटी होते. आणि उन्हाळ्यात हाताला घाम येऊन ती सुईवर अडते, तेव्हा एप्रिल ते जून आम्ही सुती धागा काढतो.

टाका धरायच्या पद्धतीवरून कुणाला टोकू नका, हा आमच्याकडे जवळजवळ नियमच आहे. काही जणी उलट टाका घेताना धागा सुईवरून आणतात, काही खालून उचलतात. खालून उचलला की टाका सुईवर वळून बसतो. पुढच्या सुईला तो मागच्या पायातून, म्हणजे टाक्याच्या सुईमागच्या बाजूतून विणला की सरळ होतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. आपली कोणती ते मात्र माहीत हवं, नाहीतर विण पिळलेली दिसते आणि कारण सापडत नाही.

मे महिन्यात काय विणतो, त्याचं उत्तर टोपडी. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असं ठेवतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर अपुरे पडत होते, तिथे डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली, आणि आज जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. कांगारू पद्धत म्हणतात तिला. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपडं एवढंच असतं. इवल्या बाळाच्या शरीराच्या मानाने डोकं मोठं, उष्णता तिथून भराभर जाते. बाहेर लू चालली असली तरी त्या बाळाचं डोकं झाकावंच लागतं. आमच्या मंडळाचं वर्षभराचं मुख्य काम हे आहे, आणि मला ते सगळ्यात जवळचं आहे.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो. आठव्या महिन्यात आलेल्याचा ३० च्या आसपास. टोपडं घेरापेक्षा थोडं लहान विणायचं म्हणजे ताणून नीट बसतं. पंचवीस ग्रॅम लोकरीत होतं. गोंडा नाही, नाडी नाही, बटण नाही, केसाळ लोकर अजिबात नाही. एक सुलट एक उलटची पट्टी, वर साधी विण, माथ्यावर टाके कमी करत न्यायचे आणि उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून घट्ट ओढायचा. दिसायला सोपं, पण दर टोपडं आम्ही उलटं करून आतून तपासतो. आतल्या बाजूला धाग्याची सैल शेपटी राहिली तर ती बाळाच्या कातडीला घासते, हात वर गेला तर बोटात अडकते. विण वाचायची सवय इथे कामाला येते: बाहेरून सुरेख दिसणारं काम आतून कच्चं असू शकतं.

नवीन मंडळी उत्साहाने घरातल्या उरलेल्या लोकरीचं काहीतरी विणून आणतात आणि “दान करा” म्हणतात. टोचणारी लोकर आम्ही परत करतो. वाईट वाटतं, पण परत करतो. रुग्णालयात आधी सिस्टरांना विचारायचं, त्यांना काय हवंय, किती हवंय, कुठल्या मापाचं हवंय, आणि तेवढंच द्यायचं. धुऊन, वाळवून, मापाप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत.

जून महिन्याचा दुसरा शनिवार जगभर उघड्यावर बसून विणायचा दिवस म्हणून पाळतात, २००५ पासून. पाऊस नसेल तर आम्ही सकाळी जपानी गार्डनमध्ये बसतो. फिरायला आलेल्या आज्या थांबतात, सुया मागून घेतात आणि कित्येक वर्षांनी एक सुई विणून जातात. मोठ्या उपक्रमांचंही आकर्षण वाटतं. २०१६ साली चेन्नईत देशभरातल्या बायकांनी पाठवलेले क्रोशाचे चौकोन जोडून ११ हजार चौरस मीटरहून मोठं पांघरूण झालं, त्याची गिनेस विक्रमात नोंद आहे. तसं कधी काही ठरलं तर जरूर भाग घ्या, दुसऱ्याच्या मापाशी आपला चौकोन जुळवायची उत्तम सवय लागते.

कमाईबद्दल हल्ली सगळ्याच विचारतात, विशेषतः मुली. स्पष्ट सांगते. मोठ्यांचा स्वेटर विणायला सवयीच्या हाताला पन्नासेक तास लागतात. तासाला ५० रुपये धरले तरी मजुरीचेच अडीच हजार होतात, लोकर वेगळी. तेवढे देणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, कारण शेजारी तिबेटी विक्रेत्यांचा स्वस्त तयार स्वेटरांचा बाजार आहे. त्या विक्रेत्यांबद्दल मनात आकस ठेवू नका. विदर्भात त्यांची वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग, आणि बहुतेक माल लुधियानाचा असतो. त्या किमतीशी आपल्या हाताची बरोबरी करायला जाऊ नये. यंत्राचा कापून शिवलेला स्वेटर उसवून धागा परत मिळत नाही. हाताने विणलेला उसवता येतो, लच्छी करून धुऊन त्याच लोकरीचा वाढलेल्या मुलासाठी नवा विणता येतो. ज्याला याची किंमत कळते तेच आपलं गिऱ्हाईक.

पैसे सुटतात ते बाळंतविड्यात. कुंची, टोपडं, मोजे, झबलं, छोटं पांघरूण, असा संच बाराही महिने मागितला जातो आणि लोक भेट म्हणून घेतात तेव्हा घासाघीस कमी करतात. क्रोशाच्या खेळण्यांना मागणी आहे. शिकवण्या चालतात. आणखी एक काम आमच्यातल्या दोघीच करतात आणि त्यांना उसंत नसते: जुने स्वेटर दुरुस्त करणं, फाटलेलं कोपर, उसवलेला गळा. हे विण वाचता आल्याशिवाय जमत नाही, म्हणून स्पर्धा कमी. हिवाळ्यात सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो, तिथे दोन-तीन दुपारी नुसतं फिरून या. भाव कसा सांगतात, माल कसा मांडतात, ते बघून कळतं. पहिल्या वर्षी ऑर्डरी घेऊ नका आणि ओळखीच्यांना फुकट विणून देऊ नका. एकीने फुकट दिलं की दुसरीची मजुरी पडते.

पहिल्या दिवशी येताना ४ मिलिमीटरच्या सुयांची एक जोडी, फिकट रंगाचा मध्यम जाडीचा एक गुंडा, मोजपट्टी आणि क्रोशाची सुई आणा. काळी किंवा गडद निळी लोकर नको, टाके दिसत नाहीत. बसताना ज्यांच्याकडून शिकायचं त्यांच्या समोर बसू नका, सगळं उलटं दिसतं. शेजारी, खांद्याला खांदा लावून बसा. आजींच्या डावीकडची जागा नवीन माणसासाठीच मोकळी ठेवलेली असते.