सूचना येण्याआधीची तयारी

कार्यशाळा, फेलोशिप, प्रवास अनुदान, उन्हाळी प्रशिक्षण, उद्योगातली इंटर्नशिप. यातल्या कशाचीही सूचना संशोधक विद्यार्थ्याच्या कानावर येते तेव्हा अंतिम तारीख बहुधा दोन-तीन आठवड्यांवर आलेली असते. नेमका त्याच आठवड्यात प्रयोग बिघडलेला असतो, गाईडला प्रकरणाचा मसुदा हवा असतो आणि आपला सीव्ही दोन वर्षं जुना असतो. माझा एक चांगला प्रशिक्षणवर्ग असाच गेला. अर्ज भरला होता, पण शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना मी शेवटच्या चार दिवसांत विचारलं. ते प्रवासात होते. पत्र आलं तोवर अर्जाची खिडकी बंद झाली होती. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून मी ही यादी सूचना नसतानाच्या दिवसांसाठी ठेवली आहे.

सगळ्यात आधी एक लांबलचक सीव्ही तयार असू द्या, जो कुणालाच पाठवायचा नाही. केलेलं सगळं त्यात जाऊ दे: किती विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक घेतलं, कोणतं उपकरण सांभाळलं, प्रयोगशाळेची खरेदी कुणी बघितली, कुठल्या समितीत बसलात, कोणत्या महिन्यात. दर महिन्याच्या शेवटी दहा मिनिटं दिली की पुरतं. अर्ज करायची वेळ आली की यातूनच कापायचं, उद्योगासाठी एक-दोन पानं, विद्यापीठासाठी अधिक. संशोधक विद्यार्थी शोधनिबंध तेवढे लक्षात ठेवतात आणि उपकरण तीन वर्षं चालू ठेवल्याचं विसरतात. मुलाखत घेणाऱ्याला कित्येकदा तेच ऐकायचं असतं. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळखक्रमांक, नसेल तर तो आजच काढा. २०१२ पासून मिळणारा हा १६ अंकी क्रमांक फुकट आहे, आणि तुमच्याच नावाचे आणखी दहा संशोधक असतील तर तोच तुम्हाला त्यांच्यापासून वेगळं काढतो.

मग आपलं काम सांगायची तीन मापं लिहून ठेवा: पन्नास शब्द, दीडशे शब्द, तीनशे शब्द. परिषदेला गोषवारा लागतो तेव्हा तीनशेचा थोडासा बदलून चालतो. पन्नासचा लिहायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि कामी सर्वांत जास्त वेळा तोच येतो. बोलायची तालीम करायची असेल तर ‘थ्री मिनिट थीसिस’ स्पर्धेचे नियम घ्या, स्पर्धेत उतरायचं नसलं तरी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ साली ही सुरू केली. एकच स्थिर स्लाइड, हालचाल नाही, आवाज नाही, हातात वस्तू नाही, वेळ तीन मिनिटं. ८०,००० शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील, असं आयोजक सांगतात. ही तालीम आपल्या विषयाबाहेरच्या माणसापुढे करा. त्याच्या कपाळावर कुठे आठी पडते ते बघा, तिथलं वाक्य बदला.

आता शिफारसपत्र. सगळा खेळ इथेच अडतो. किमान तीन माणसं हेरून ठेवा आणि त्यातला एक तरी तुमचा गाईड नसू दे. ज्यांच्या वर्गात तुम्ही शिकवायला मदत केली ते, समितीतले कुणी, दुसऱ्या संस्थेतले सहलेखक. विचारायचं ते चार आठवडे आधी, आणि असं विचारायचं: ‘सर, माझ्या कामाबद्दल तुम्हाला सविस्तर आणि चांगलं लिहिता येईल का?’ नुसतं ‘पत्र द्याल का’ म्हटलं तर बहुतेक जण हो म्हणतात आणि मग चार कोरडी वाक्यं लिहितात. सविस्तर म्हटल्यावर ज्यांना जमणार नाही त्यांना सुटायला वाट मिळते, आणि ती मिळणं तुमच्याच भल्याचं असतं. होकार आला की एकाच मेलमध्ये सगळं द्या: सूचना, सीव्ही, अर्जाचा कच्चा मसुदा, अंतिम तारीख, पत्र कुठे चढवायचं ते, आणि तुम्ही त्यांच्यासोबत केलेल्या कामातले तीन-चार ठोस प्रसंग. हे प्रसंग लिहिताना संकोच वाटतो. लिहा तरीही. त्यांच्या हाताखाली वीस विद्यार्थी असतील, तुमचा तो मार्च महिना त्यांना आठवत नसतो. तारखेच्या आठवडाभर आधी एकदा नम्र आठवण करा, आणि निकाल लागल्यावर तो कळवा, नकार आला असला तरी. निकाल न कळवणाऱ्यांना पुढच्या वेळी पत्र उशिरा मिळतं असा माझा अनुभव आहे.

गाईडशी बोलणं सूचना आल्यावर करू नका, वर्षाच्या सुरुवातीला करा. एका पानावर लिहून न्या: यंदा काय शिकायचं आहे, किती दिवस बाहेर जावं लागेल, त्या दिवसांत प्रयोग कोण बघेल. ‘लक्ष विचलित होईल’ हा त्यांचा आक्षेप वाद घालून जात नाही, तारखा दाखवल्या की बराचसा विरतो. काय लिहावं सुचत नसेल तर विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी २०१२ पासून ‘मायआयडीपी’ हे फुकट साधन आहे. कौशल्यं, आवड आणि मूल्यं यांवरचे प्रश्न विचारून ते नोकरीच्या वाटा सुचवतं. उत्तरं वेदवाक्य मानू नका, पण प्रश्न चांगले आहेत.

निवड करताना हात आखडता घ्या. प्रमाणपत्रांची चळत कुणी वाचत नाही. वर्षाला एक कौशल्य, एक परिषद आणि विद्यापीठाबाहेर एक डोकावणं एवढं खूप झालं. संगणकाचं काम येत नसेल तर ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’च्या कार्यशाळा बघा. १९९८ पासून चालत आलेल्या या उपक्रमात साधारण दोन दिवसांत कमांड लाइन (आज्ञा टाइप करून संगणक चालवणं), गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आणि पायथन किंवा आर ही प्रोग्रामिंगची भाषा यांची तोंडओळख होते. जाण्याआधी स्वतःच्या डेटाची एक फाइल निवडून ठेवा आणि परतल्यावर आठवड्याच्या आत तिच्यावर ते वापरा, नाहीतर शिकलेलं सगळं वाहून जातं.

परिषदेचं आमंत्रण आपणहून मेलवर आलं असेल तर आधी संशय घ्या. जगातले सगळे विषय एकाच छपराखाली, एका दिवसात स्वीकृती, आणि पहिल्याच पत्रात नोंदणी शुल्क, असा थाट असेल तर ग्रंथपालांना दाखवा. परिषद खरी असेल तर पोस्टर उभं की आडवं हे आयोजकांच्या सूचनेत वाचा. पोस्टरचा ए-झिरो आकार म्हणजे ८४१ × ११८९ मिलीमीटर, पण मांडणीचा फळा आडवा असला की उभं पोस्टर खाली लोंबतं. वक्त्यांच्या यादीतून पाच नावं काढा, प्रत्येकाचा एक निबंध वाचा, प्रत्येकासाठी एक खराखुरा प्रश्न लिहा. पाचांपैकी दोघं भेटले तरी फेरी सार्थकी लागली. पैशाचं आधी लेखी विचारा: प्रवास अनुदान हातात मिळणार की खर्च केल्यावर परत येणार? बऱ्याच ठिकाणी ते परत येतं, तेही मूळ पावत्या दिल्यावर, आणि तोवरची रक्कम आपल्या खिशातली असते. व्हिजा लागत असेल तर त्यासाठी आयोजकांचं आमंत्रणपत्र गोषवारा स्वीकारला गेला त्याच दिवशी मागा.

गाईडने एखाद्या नियतकालिकाकडून परीक्षणासाठी आलेला निबंध ‘जरा बघून दे’ म्हटलं तर ही शिकण्याची उत्तम संधी आहे, पण एक अट घाला: संपादकाला आधी विचारायचं आणि तुमचं नाव कळवायचं. ‘कोप’ या प्रकाशन-नीतीच्या संस्थेचंही परीक्षकांना सांगणं हेच आहे. सहलेखनाचंही बोलणं काम सुरू होतानाच उरका. शोधनिबंधात कुणी काय केलं हे नोंदवायच्या ‘क्रेडिट’ (CRediT) वर्गीकरणात योगदानाच्या १४ भूमिका आहेत. ती यादी समोर ठेवली की कुणाचं नाव कशासाठी, हे न भांडता ठरतं.

इंटर्नशिपला हो म्हणण्याआधी फेलोशिपच्या अटी वाचा, दुसरं मानधन घेता येतं का ते. परदेशात शिकत असाल तर व्हिजावर कामाचे किती तास चालतात तेही. कंपनीचा गोपनीयता करार सही करण्याआधी विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाला दाखवा. प्रबंधातलं एखादं प्रकरण त्यात अडकू शकतं.

आणि अर्ज चढवताना अंतिम वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते बघा. काही परिषदा ‘एओई’ (एनीव्हेअर ऑन अर्थ) लिहितात, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत, जागतिक प्रमाणवेळेच्या बारा तास मागे. तसं लिहिलेलं नसेल तर आयोजकांच्या शहराची वेळ धरा आणि आदल्या दिवशीच पाठवा. पाठवलेल्या अर्जाची पीडीएफ प्रत जपून ठेवा, कारण मुलाखतीत त्यातलंच वाक्य समोर वाचून विचारतात.